चकवा लागतो तेव्हा नक्की काय होतं?

कातळवाट: मालवणकडच्या आमच्या गावात सडा, म्हणजे कातळाचं उघडं माळरान, ओलांडून पलीकडच्या वाडीत जायची पायवाट आहे. गेल्या श्रावणात काका भजन आटपून रात्री तिकडून निघाले. दिवसा 20 मिनिटांची वाट, पण घरी पोचले उजाडल्यावर. कातळातल्या एकाच पाण्याच्या खळीपाशी आपण तीनदा आलो, असं ते सांगतात. घरात सगळ्यांचं एकच मत: चकवा लागला.

काका खोटं बोलत नाहीत. ते खरंच गोल फिरले. पण त्यांना फिरवलं कोणी?

जर्मनीत माक्स प्लांक संस्थेच्या यान सौमान आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हेच तपासलं. सपाट जंगलात सहा जणांना सरळ चालत राहायला सांगितलं आणि जीपीएसने त्यांची वाट नोंदवली. ढगाळ दिवशी चाललेले चौघेही गोल फिरले. त्यातल्या तिघांनी आपलीच वाट पुन्हा ओलांडली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. ऊन असताना गेलेले दोघे मात्र जवळजवळ सरळ गेले. म्हणजे सूर्य, चंद्र किंवा लांबची एखादी खूण दिसत नसेल तर माणूस वळतो, आणि वळलोय हे त्याला कळत नाही.

माडाखाली: ते लोक परक्या जंगलात होते. तुमचे काका 40 वर्षं त्या सड्यावरून येजा करतायत. पायाखालची वाट अशी चुकते होय? माझ्या आजोबांनाही तिथंच लागला होता. सदरा काढून उलटा घातला आणि पाच मिनिटांत वाट सापडली. याचं उत्तर त्या प्रयोगात आहे का?

भरतीओहोटी: एक पाय किंचित आखूड असतो, म्हणून माणूस एका बाजूला वळतो असं ऐकलंय.

कातळवाट: तेही त्यांनी पाहिलं. डोळ्यांवर पट्टी बांधून चालवल्यावर तोच माणूस कधी डावीकडे वळायचा, कधी उजवीकडे. पायाचा दोष असता तर दर वेळी एकीकडेच वळला असता. आपण सरळ चाललोय हा जो आतला अंदाज असतो, तोच हळूहळू सरकत जातो.

माडाखाली, पायाखालची वाट म्हणजे तरी काय? गडग्याचं टोक, वाकडा काजू, समोरच्या देवळातला दिवा. त्या रात्री धुकं होतं आणि वीजही गेली होती. राहिला फक्त कातळ, आणि तो सगळीकडे सारखाच.

आजोबांच्या सदऱ्याबद्दल मी बराच विचार केलाय. सदरा उलटा करायचा तर थांबावं लागतं. थांबलं की दम खाली बसतो, स्वतःच्या पावलांचा आवाज बंद होतो, आणि समुद्राची गाज कुठल्या बाजूने येतेय ते ऐकू येतं. उपाय खरा होता. कारण वेगळं होतं, एवढंच माझं म्हणणं.

माडाखाली: हे पटण्यासारखं आहे. पण समजा चकवा मानला, तर कोणाचं काय बिघडलं? त्या धाकानं तरी पोरं रात्री सड्यावर जात नाहीत.

कातळवाट: बिघडलं. काकांना साखरेचा त्रास आहे. रात्रभर पोटात काही नाही, पाय कापत होते. आणि घरातले सहा जण ओटीवर बसून होते, चकवा उतरला की येतील म्हणत. बॅटरी घेऊन एकही जण बाहेर पडला नाही. मी मुंबईहून फोनवर ओरडत होतो. दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं घातलं, कोंबडा दिला, डॉक्टरकडे नेलं तिसऱ्या दिवशी. या गोष्टीचा मला अजून राग आहे.

माडाखाली: हे माहीत नव्हतं. शोधायला जायलाच हवं होतं, मानणाऱ्यांनीसुद्धा. पण सड्यावर काहीच नाही असं मी म्हणणार नाही.

कातळवाट: नका म्हणू. येत्या रविवारी आम्ही चौघे त्या वाटेच्या कडेच्या दगडांना चुना मारणार आहोत, दर दहा पावलांवर एक. तुमची वाडी पलीकडेच आहे. तिकडून सुरू कराल?

माडाखाली: करतो. पण पहिल्या दगडापाशी नारळ ठेवूनच.