मदत हवी आहे: आजीच्या क्रोशाच्या टेबलक्लॉथवर गंजाचे डाग

कापूसकोंडी

नमस्कार मंडळी,

माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेतून आजीचं रुखवत बाहेर काढलंय. लग्न १९६२ सालचं. त्यात क्रोशाचा मोठा गोल टेबलक्लॉथ निघाला, सगळा अननसाचा नमुना. दोरा बहुधा ४० नंबरचा असावा, कारण माझ्याकडचा २० नंबर त्याच्यापुढे सुतळी वाटतो. सोबत अभ्र्यांची जोडी आहे. काठाला चार बोटं रुंद क्रोशाची लेस आणि मधे लाल दोऱ्याने साखळी टाक्यात ‘स्वीट ड्रीम्स’. ‘स्वीट’चं स्पेलिंग चुकलंय, आणि ते तसंच राहणार आहे.

अवस्था अशी: घड्यांवर तपकिरी पट्टे पडलेत. ट्रंकेला टेकलेल्या बाजूला गंजाचे ठिपके आहेत, आणि एका ठिकाणी टाचणी अजून रुतलेली आहे. मधल्या चक्राजवळ एक खांब (क्रोशाचा उभा टाका) तुटलाय आणि तिथून वीण सुटायला लागलीय. कापड अजून कडक लागतं, कारण आजी साबुदाण्याची खळ घालायची.

काकू म्हणते रात्रभर ब्लीचमध्ये टाक. लाँड्रीवाला ड्रायक्लीन म्हणतो. शेजारच्या आजी म्हणतात रिठ्याशिवाय दुसरं काही लावू नकोस. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, हेही सांगून ठेवते. मार्गशीर्षात चुलतबहिणीचं लग्न आहे आणि तिच्या रुखवताच्या टेबलावर हाच अंथरायचाय. काचेच्या चौकटीत लावा वगैरे सुचवू नका, प्लीज. सुरुवात कुठून करू?

मुका_खांब

सुरुवात सुईदोऱ्यापासून. पाण्यात घालण्याआधी सुटलेला प्रत्येक टाका साध्या पांढऱ्या शिवणदोऱ्यात ओवून सैलसर गाठ मार. आज बोटभर दिसणारं भोक धुताना तळहाताएवढं होतं. मागे एकीचा फ्रिजवरचा रुमाल दुरुस्तीला आला होता तो धुऊनच, आणि अर्धा अननस गायब! खरी दुरुस्ती धुऊन झाल्यावर कर, म्हणजे नव्या दोऱ्याचा रंग जुन्याशी जुळवता येतो. नवा दोरा पांढराशुभ्र घेऊ नकोस, ऑफ-व्हाइट किंवा एक्रू (न रंगवलेल्या सुताचा फिका पिवळसर रंग) घे.

टाचणी ओढू नकोस. गंजलेली टाचणी सुताला चिकटलेली असते. तिथे पाण्याचा थेंब टाकून ओलं होऊ दे आणि हलक्या हाताने फिरवत काढ.

बीकर

काकूंची माफी मागून सांगतो, ब्लीच अजिबात नको. क्लोरीनचं ब्लीच गंज काढत नाही, उलट डाग पक्का करतं, आणि साठ वर्षांचं सूत त्यात आणखी कमजोर होतं.

आता क्रम सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. आधी खळ काढायची, मग गंज, आणि पिवळेपणा सगळ्यात शेवटी. पिवळेपणासाठी ऑक्सिजनवालं ब्लीच (सोडियम परकार्बोनेट) वापरतात. ते पाण्यात विरघळलं की हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. कापडात लोह शिल्लक असेल तर त्याच जागी पेरॉक्साइड भराभर फुटतं आणि सुताचे धागे खातं. डाग जातो, पण त्या जागी भोक पडतं. म्हणून गंज गेल्याची खात्री होईपर्यंत परकार्बोनेटचा डबा उघडूच नका.

गंजावर सायट्रिक ॲसिड (लिंबूसत्त्व) चालेल. कोमट पाण्याच्या पेल्यात एक चमचा घालून कापसाच्या बोळ्याने फक्त डागावर लावा, थोडा वेळ थांबा, धुवा, पुन्हा लावा. ऑक्झॅलिक ॲसिड जास्त जोरात काम करतं, पण ते विषारी आहे. घरात लहान मुलं असतील तर त्याच्या नादी लागू नका.

नऊवारी

आमच्याकडे लिंबू-मीठ चोळून उन्हात टाकायचे. डाग जायचा की!

बीकर

जातो, नाही म्हणत नाही. पण चोळल्याने जुनी वीण तुटते. आणि आम्ल कापडातच वाळलं की सूत ठिसूळ होतं. कापूस धुण्याच्या सोड्यासारखे क्षार सहन करतो, आम्ल नाही. लिंबू लावा किंवा लिंबूसत्त्व, ते सुकू द्यायचं नाही आणि नंतर भरपूर पाण्याने काढायचं. आम्ल राहिलेल्या कापडावर इस्त्री तर नकोच.

कापूसकोंडी

@बीकर, क्रम लिहून फ्रिजवर चिकटवला. खळ कशी काढू? आणि बोअरच्या पाण्याचं काय?

मुका_खांब

साध्या थंड पाण्यात भिजत ठेव. पाणी चहासारखं होईल, घाबरू नकोस. बदलत राहा आणि पाणी स्वच्छ दिसेपर्यंत साबण लावू नकोस. बरेचसे तपकिरी पट्टे जुनी खळ पिवळी पडल्यानेच आलेले असतात, ते इथेच फिके होतील.

उचलताना काळजी घे. ओलं सूत कोरड्यापेक्षा मजबूत असतं, पण एवढ्या टेबलक्लॉथात मुरलेल्या पाण्याचं वजन एकेका टाक्यावर येतं. टबात आधी मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा अंथर, त्यावर क्लॉथ ठेव, आणि बाहेर काढताना जाळीसकट काढ. पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायचं.

बीकर

बोअरच्या पाण्यात लोह असू शकतं, म्हणजे एकीकडे गंज काढायचा आणि दुसरीकडे भरायचा. निदान गंज काढल्यानंतर आणि अगदी शेवटी आरओच्या पाण्यात खळबळून घ्या. रिठा रंगीत रेशमाला छान, पण त्याचं पाणी मुळातच तपकिरी असतं. पांढऱ्या सुतावर कशाला? ड्रायक्लीनही इथे फारसं उपयोगाचं नाही. ते तेलकट डागांसाठी. खळ आणि गंज निघतात ते पाण्यातच.

नऊवारी

बरं, पण लाल दोऱ्याचं कुणी बोललंच नाही! अभ्रे टेबलक्लॉथबरोबर भिजवू नकोस हो. पांढऱ्या फडक्याचा ओला कोपरा ‘ड्रीम्स’च्या मागच्या बाजूला मिनिटभर दाबून धर. गुलाबी झाला तर तो अभ्रा भिजवायचाच नाही. लेसेचा भाग तेवढा ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा. रंग उतरला नाही तरी थंड पाण्यात पटकन धुऊन, घडी न घालता पसरून सुकव. ओली घडी राहिली की लाल रंग समोरच्या पदरावर उमटतो.

आणि नीळ घालायचा मोह आवर. जाड विणीत ती सारखी बसत नाही, निळे ठिपके राहतात.

कापूसकोंडी

फडकं गुलाबी झालं. अभ्रे बाजूला ठेवले.

टेबलक्लॉथची खळ निघाली, आणि घड्यांवरचे पट्टे निम्म्याहून जास्त गेले. गंजाचे लहान ठिपके लिंबूसत्त्वाने गेले. टाचणीच्या जागेचा डाग फिका होऊन अडून बसलाय, आणि तिथलं सूतही झिजलेलं दिसतंय. परकार्बोनेट करू का?

बीकर

डाग आहे म्हणजे लोह आहे. थांबा. पांढराशुभ्र हवाच आहे का?

मुका_खांब

मी असते तर इथेच थांबले असते. हस्तिदंती रंग जुन्या क्रोशाला शोभतो, आणि त्या डागावर रुखवतातलं करंजीचं ताट ठेवता येतं.

सुकवताना जाड थर्मोकोलवर पांढरी चादर घालून अननसांची टोकं स्टेनलेसच्या पिनांनी ताणून लाव. साध्या टाचण्या अजिबात नकोत. मग इस्त्री लागतच नाही. लग्नापुरती खळ हवी तर आदल्या दिवशी पातळशी घाल, पण लग्नानंतर धुऊन काढ. खळीवर झुरळं आणि कसर येतात, नुसत्या सुताला सहसा हात लावत नाहीत. ठेवताना घडी नको. पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेलं मलमल गुंडाळ आणि त्यावर क्लॉथ सैल गुंडाळून ठेव. ट्रंकेत तर नाहीच.

कापूसकोंडी

ठरलं, परकार्बोनेट नाही. ४० नंबरचा एक्रू दोरा कुणाला कुठे दिसला तर सांगा. इथल्या दुकानात २० च्या पुढे काही नाही.

नऊवारी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. माझ्याकडे सासूबाईंचं अर्धं रीळ पडून आहे, एका खांबाला पुरून उरेल.