जुन्या छायाचित्रातील फवारणीचे विमान कोणते असावे?

अमळनेरकर

वडिलांच्या पश्चात त्यांची लोखंडी पेटी आवरताना एक कृष्णधवल छायाचित्र सापडले. एका पंखजोडीचे, एकाच वैमानिकाचे लहान विमान मोकळ्या माळावर उभे आहे आणि त्याला अगदी खेटून, हातात गुंडाळलेली झेंडी घेऊन वडील उभे आहेत. ते त्या काळी शेतकी खात्यात होते आणि कपाशीवरील हवाई फवारणीच्या वेळी शेताच्या कडेला झेंडी धरून वैमानिकाला पट्टा दाखवण्याचे काम त्यांनी केले होते. आमची आजी अजूनही त्याला ‘फवारानं इमान’ म्हणते.

घरात मात्र एक वेगळीच कथा रूढ आहे. विमानाच्या अंगावर एक आडवी रेघ आणि तिच्यापुढे ‘टी’, ‘व्ही’ ही इंग्रजी अक्षरे स्पष्ट दिसतात, त्यामुळे ते दूरदर्शनचे विमान होते असे थोरले काका ठामपणे सांगतात. अलीकडची अक्षरे वडिलांच्या खांद्याआड गेली आहेत. विमानाचे नाक उजवीकडे आहे आणि ही अक्षरे नाकाच्या बाजूला आहेत. वैमानिकाची जागा पाठीला पोक आल्यासारखी उंच असून पंख खाली आहेत. हे कोणते विमान असावे?

धावपट्टी_गोंदूर

आपले अभिनंदन, कारण हे बहुधा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे ‘बसंत’ आहे. भारतात खास फवारणीसाठी तयार केलेले हे विमान. एकूण ३९च बनली, म्हणून ते आज दुर्मीळ मानले जाते. खाली पंख आणि उंच बैठक हे आपले वर्णन त्याच्याशी जुळते.

शेपटीक्रमांक

नाव ठरवण्यापूर्वी छायाचित्र सरळ आहे की उलटे, हे पाहणे आवश्यक वाटते. भारतातील नागरी विमानांची नोंदणी ‘व्ही’, ‘टी’ या दोन अक्षरांनी सुरू होते, त्यानंतर आडवी रेघ येते आणि मग तीन अक्षरे. म्हणजे रेघेच्या पुढे दोनच अक्षरे येऊन नोंदणी संपली, असे होऊच शकत नाही. आपल्या छायाचित्रात तसे दिसते, याचा अर्थ निगेटिव्ह उलटी ठेवून प्रत काढली गेली असावी. गंमत अशी की ‘व्ही’ आणि ‘टी’ ही दोन्ही अक्षरे आरशातही जशीच्या तशी दिसतात, फक्त त्यांचा क्रम बदलतो. त्यामुळे इतकी वर्षे कोणाला शंका आली नाही. ‘ई’ किंवा ‘के’सारखे एखादे अक्षर वडिलांच्या खांद्याआड गेले नसते, तर दूरदर्शनची कथा जन्मालाच आली नसती.

खात्री करायची असल्यास वडिलांच्या सदऱ्याचा खिसा कोणत्या बाजूला आहे आणि घड्याळ कोणत्या मनगटावर आहे, ते कृपया पाहावे.

अमळनेरकर

खिसा उजव्या बाजूला आहे आणि घड्याळही उजव्या हातात! वडील घड्याळ डाव्या हातातच बांधत. आईला दाखवले तेव्हा ती म्हणाली, की भांगही चुकीच्या बाजूला आहे, म्हणून तिला हा फोटो कधीच आवडला नव्हता. छायाचित्र अल्बमच्या पानावरून जपून सोडवले, तेव्हा मागे वडिलांच्या अक्षरात ‘पोळा १९७०’ असे लिहिलेले आढळले.

धावपट्टी_गोंदूर

मग काकांची कथा तारखेनेही टिकत नाही, कारण मुंबई दूरदर्शनच २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पण त्याच न्यायाने माझा अंदाजही डळमळतो. ‘बसंत’चा सुधारित नमुना प्रथम उडाला तोच ३० मार्च १९७२ रोजी.

शेपटीक्रमांक

मागची तारीख आधाराला घ्यावी, पण केवळ तिच्यावर विसंबू नये; माणसे कित्येकदा वर्षांनंतर आठवणीने लिहितात. विमानाचा सांगाडा काय सांगतो ते पाहू. वडील विमानाला खेटून उभे असल्यामुळे त्यांची उंची मोजपट्टी म्हणून वापरता येईल. त्यांची उंची किती होती आणि विमानाची नाकापासून शेपटापर्यंतची लांबी त्यांच्या किती पट भरते? विमान कॅमेऱ्याला बरोबर आडवे उभे असेल, तरच हा हिशेब धरावा. शिवाय शेपटाचा आकार, चाकांचे पाय आणि पंखांचा पृष्ठभाग यांचे वर्णन करावे.

अमळनेरकर

विमान आडवेच उभे आहे. वडिलांची उंची साडेपाच फूट होती. फूटपट्टीने मोजले तर विमान त्यांच्या साडेचार पटींच्या आसपास भरते. शेपटीची कड बांगडीसारखी गोलसर आहे. पंखाच्या वरच्या बाजूने दोन तिरके दांडे धडाला जोडलेले आहेत. चाकांचे पाय नळ्यांच्या त्रिकोणासारखे दिसतात आणि पंखावर ठरावीक अंतराने बारीक उंचवटे आहेत, जणू ताणलेल्या कापडाखाली फासळ्या असाव्यात.

शेपटीक्रमांक

साडेपाच फूट म्हणजे सुमारे १.६८ मीटर, त्याच्या साडेचार पट म्हणजे साडेसात मीटर. ‘बसंत’ ९ मीटर लांब होते, म्हणजे ते वडिलांच्या पाच पटींहून जास्त भरले असते. मोजण्यात थोडी चूक धरली तरी एवढे अंतर पडणार नाही. उरतात दोन अमेरिकी विमाने, पायपर कंपनीचे ‘पॉनी’ आणि सेस्नाचे ‘अ‍ॅगवॅगन’. लांबी या दोघांना वेगळे करत नाही, पण अंगकाठी करते. सेस्नाचे अंग पत्र्याचे असते आणि चाकांचे पाय पोलादी पट्टीचे, एकसंध असतात. पॉनीचे पंख कापडाने मढवलेले, शेपूट गोल, पाय नळ्यांचे आणि पंखावरचे आधार दुहेरी असतात. आपले वर्णन चारही बाबतींत पॉनीशी जुळते.

त्याची रचना फ्रेड वाइक यांची. ज्या बैठकीला आपण पोक म्हणता, ती मुद्दाम उंच ठेवली आहे, म्हणजे पिकावरून कमी उंचीवर उडताना वैमानिकाला तारा आणि झाडे वेळेवर दिसावीत. औषधाची टाकी त्याच्या पुढे, इंजिनामागे असते. ती पाठीमागे असती, तर विमान आपटल्यावर सारा भार वैमानिकावर आला असता. ‘पॉनी’ जगात पाच हजारांहून अधिक बनली, तेव्हा आपले विमान दुर्मीळ नाही, हे सांगणे भाग आहे.

धावपट्टी_गोंदूर

माझा अंदाज चुकला, हे मान्य. ‘बसंत’ पाहण्याच्या हौसेने घाई केली. अमळनेरकर दादा, प्रतिमा आता सरळ करून नोंदणीचे आणखी एखादे अक्षर दिसते का, ते पाहावे.

अमळनेरकर

भ्रमणध्वनीवर प्रतिमा उलटवली. खिसा डावीकडे आला आणि आई लगेच म्हणाली, ‘हे आत्ता ते दिसतात.’ रेघेपलीकडे, वडिलांच्या कोपराशेजारून एका अक्षराची गोल कड डोकावते. पूर्वी ती ‘सी’ची वाटत असे, आता ‘डी’ची वाटते. पुढची दोन अक्षरे झेंडीच्या कापडाआड आहेत. मूळ निगेटिव्ह पेटीच्या तळाशी पाकिटात असावी. ती सापडली की कोपऱ्याचा भाग मोठा करून येथे देईन.