हेरॉव्हस्कींच्या कामाचा प्रभाव नेमका कुठे शोधू?

मैत्रेयी_सांगली
नमस्कार. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय विश्लेषणात्मक रसायनशास्त्र. सेमिनारसाठी प्रागचे यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की घेतलेत. १९२२ला पोलरोग्राफीचा (पाऱ्याच्या थेंबांतून जाणाऱ्या विद्युतप्रवाहावरून द्रावणात काय, किती आहे ते ओळखायची पद्धत) शोध, १९५९ला नोबेल, एवढं पुस्तकात मिळालं. पण सर म्हणाले, "चरित्र नको, पुढच्या संशोधनावर परिणाम काय झाला ते सांग." सायटेशन शोधत बसले, तर हल्लीच्या पेपरांत त्यांचं नाव क्वचितच दिसतं. आमच्याकडचा पोलरोग्राफही पाऱ्यामुळे कपाटात बंद आहे. मग प्रभाव ओसरला असं म्हणू का? या यंत्रावर कुणी स्वतः काम केलंय?

वसुधा_ठाणे
मैत्रेयी, मी केलंय गं. १९८०च्या दशकात एका कारखान्याच्या लॅबमध्ये नऊ वर्षं. जस्तातलं शिसं आणि कॅडमियम तपासणं हे माझं रोजचं काम. व्होल्टेज वाढवत नेलं की प्रत्येक धातूचा प्रवाह आपापल्या ठरावीक व्होल्टला आलेखावर चढतो, तीच त्याची लाट. जस्ताची लाट सगळ्यात शेवटी येते, त्यामुळे ढीगभर जस्तात चिमूटभर शिसं असलं तरी ते आधीच दिसून जातं. हे पहिल्यांदा चार्टवर उमटताना पाहिलं तेव्हा मी जेवायला जायची विसरले होते.

आता तुझा प्रश्न. सुरुवात १९१८च्या तोंडी परीक्षेपासून कर. परीक्षक कुचेरांनी हेरॉव्हस्कींना पाऱ्याच्या थेंबांबद्दल विचारलं. कुचेरांच्या पद्धतीत थेंब गोळा करून वजन करायचं आणि त्यावरून पृष्ठताण काढायचा. हेरॉव्हस्कींनी ते किचकट काम चिकाटीने केलं, आणि मग थेंबांतून जाणारा विद्युतप्रवाहच मोजायला घेतला. १० फेब्रुवारी १९२२ची ती नोंद. खरी ताकद आहे थेंबातच. घन इलेक्ट्रोडवर आधीच्या मोजणीची घाण साचते, इथे दर तीन-चार सेकंदांनी कोरा पृष्ठभाग मिळतो. म्हणून आज काढलेली लाट उद्याही तशीच येते.

पहिला लेख चेक भाषेत होता हे सेमिनारमध्ये जरूर सांग. दुसऱ्या वर्षी इंग्रजीत आला. पुढे १९२९मध्ये रसायनज्ञ व्होटोचेक यांच्यासोबत त्यांनी नियतकालिकच काढलं, आपल्या देशातलं रसायन इंग्रजी-फ्रेंचमधून बाहेर जावं म्हणून. छोट्या भाषेतल्या माणसाने केवढी दूरदृष्टी दाखवली! मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर याच गोष्टीसाठी वाटतो.

आणि माणसं बघ. जपानहून आलेल्या मासुझो शिकातांसोबत १९२४मध्ये त्यांनी आपोआप आलेख काढणारं यंत्र केलं. शिकाता ही विद्या घेऊन मायदेशी गेले. त्यांच्या सहकारी इल्कोविचने १९३४मध्ये प्रवाह आणि सांद्रतेचं समीकरण मांडलं. हेरॉव्हस्कींनी १९३३मध्ये अमेरिकेत व्याख्यानं दिली. १९४१पर्यंत तिथे कोल्थॉफ-लिंगेन यांचा पोलरोग्राफीवरचा जाडजूड ग्रंथ तयार होता.

सायटेशनचं म्हणशील, तर इल्कोविच समीकरण वापरताना मूळ लेखाचा हवाला कोण देतं? पाठ्यपुस्तकात गेलेल्या गोष्टीचं असंच होतं.

पारा मात्र हलक्यात घेऊ नकोस. आमच्या खोलीत हवा खेळती नव्हती, मी दोनदा लेखी कळवलं, काही झालं नाही. एकदा बाटली कलंडली, तेव्हा गंधकाची पूड टाकून मी आणि शिपाईमामांनी फटीफटीतून थेंब गोळा केले. ती भीती अजून जात नाही.

तळ्याकाठी
वसुधाताईंच्या प्रतिसादात भर. माझी मत्स्यशेती आहे, शिक्षण बी.एस्सी. पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा माझा मीटर चालू केला की दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. कारण माहितीपुस्तिकेत दिलंय: प्रोब 'पोलरोग्राफिक' आहे. पारा नाही, पातळ पडद्याआड धातूचा इलेक्ट्रोड. पहाटे तळ्यात ऑक्सिजन उतरतो तेव्हा याच आकड्यावर एअरेटर लावतो.

वसुधा_ठाणे
अगदी बरोबर! पोलरोग्राफीत ऑक्सिजन म्हणजे आम्हाला अडथळा. त्याच्या दोन लाटा मध्ये येतात, म्हणून आधी दहा मिनिटं नायट्रोजन सोडायचा. लेलंड क्लार्क यांनी १९५६मध्ये मांडलेला इलेक्ट्रोड तोच ऑक्सिजन मोजतो, रक्तातलासुद्धा. मैत्रेयी, हा धागा धर. प्रभाव इथे सापडेल.

मैत्रेयी_सांगली
ताई, दादा, खूप आभार. आज सरांच्या परवानगीने कपाट उघडलं. कॅपिलरीला (पाऱ्याचे थेंब सोडणारी बारीक काचनळी) हात लावला नाही. खालच्या खणात चार्टपेपरची गुंडाळी मिळाली, कोपऱ्यात पेन्सिलीने '०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड' एवढंच लिहिलंय, नमुन्याचं नाव नाही. तीन लाटा आहेत: साधारण उणे ०.४, उणे ०.६ आणि उणे १.० व्होल्टला.

वसुधा_ठाणे
शिसं, कॅडमियम, जस्त. त्याच क्रमाने. गुंडाळी सेमिनारला ने.