मदत हवी आहे : क्रोएशिया की माँटेनेग्रो?

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात नऊ रात्रींची सहल ठरवतोय. आम्ही दोघं आणि आई-बाबा. बाबांना गुडघ्यांमुळे सलग पायऱ्या झेपत नाहीत, आई शाकाहारी आहे आणि अंडंही खात नाही. क्रोएशिया की माँटेनेग्रो यावर गाडी अडलीय. दोन्ही जमतील का? शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) अजून काढलेला नाही. कार भाड्याने घेऊ.

प्रतिसाद १

आधी व्हिसा बघा, बाकी सगळं त्यावर ठरेल. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, माँटेनेग्रो नाही. वैध शेंगेन व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवर माँटेनेग्रोत ३० दिवसांपर्यंत राहता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. गोची पुढे आहे. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर सीमा ओलांडली की तो संपला. परतीचं विमान क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकहून असेल तर तुम्ही माँटेनेग्रोत अडकलात. म्हणून अर्जातच अनेक प्रवेश मागा, सोबतच्या पत्रात दिवसवार कार्यक्रम द्या आणि माँटेनेग्रोचं हॉटेल बुकिंगही जोडा. व्हिसा हातात आला की प्रवेशसंख्येच्या रकान्यात एकचा आकडा आहे की ‘मल्ट’ लिहिलंय, ते त्याच दिवशी तपासा. एकच असेल तर माँटेनेग्रो सोडून द्या.

शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. १५ दिवस आधीची शेवटची मुदत कागदावर आहे, तिच्या भरवशावर राहू नका.

प्रतिसाद २

बेटं आणि बोटी हव्या असतील तर पूर्ण क्रोएशियाच करा: स्प्लिट, ह्वार, कोर्चुला. नऊ रात्रीही कमीच पडतील. पण बाबांच्या गुडघ्यांचा विचार करता माझं मत माँटेनेग्रोतल्या कोटोरच्या खाडीला. पाच रात्री खाडीवर, चार दुब्रोव्हनिकला.

दुब्रोव्हनिकची तटबंदी १,९४० मीटर लांब आहे, हजारावर पायऱ्या, आणि चालण्याची दिशा एकच. मध्येच थकलं तर उतरायच्या जागा मोजक्या. ती तुम्ही दोघं करा. आई-बाबांना केबल कारने स्रज डोंगरावर न्या, वरून सगळं शहर दिसतं. जुन्या शहरात खोली घेऊ नका. मुख्य रस्ता स्त्रादून सपाट आहे, पण उत्तरेकडच्या गल्ल्या म्हणजे नुसते जिने, बॅगा हातानेच चढवाव्या लागतात. त्यापेक्षा तटाबाहेरचा लापाद भाग बरा. स्त्रादूनचा दगड पावलांनी घासून आरशासारखा झालाय, पाऊस पडला की बाबांचा हात धराच.

कोटोरला किल्ल्याच्या १,३५० पायऱ्या आहेत, तो सोडा. २०२३ पासून लोव्हचेन डोंगरावर केबल कार आहे, अकरा मिनिटांत १,३४८ मीटरवर. मात्र तिथून पुढे माँटेनेग्रोचा कवी-राज्यकर्ता न्येगोश याच्या समाधीला आणखी ४६१ पायऱ्या आहेत, हे धरून चाला. राहायला पेरास्त किंवा दोब्रोता बघा, पाण्याकाठचा रस्ता सपाट आहे.

किनारा दोन्हीकडे बहुतेक गोट्यांचा. पाण्यात घालायचे रबरी बूट चौघांना घ्या. खडकाच्या खाचांत काळे, काटेरी समुद्री अर्चिन बसलेले असतात. काटा तळव्यात मोडला की सहल लंगडतच पुरी होते.

प्रतिसाद ३

आईंसाठी एक वाक्य पाठ करा, दोन्ही देशांत चालतं: ‘बेझ मेसा, बेझ रिबे, बेझ याया’, म्हणजे मांस, मासे, अंडी नकोत. माँटेनेग्रोत ‘पोस्नो’ म्हणजे उपासाचं. त्यात दूध-अंडी नसतात, मात्र मासे चालतात, त्यामुळे नुसतं ‘पोस्नो’ म्हणून भागत नाही. सूप आणि रिसोटोत मांसाचा किंवा माशांचा रस्सा असू शकतो, ताज्या पास्त्यात अंडं. दोन्ही विचारून घ्या.

हमखास मिळणारी गोष्ट म्हणजे ब्लित्वा: चार्डची पानं, बटाटा, लसूण, ऑलिव्हचं तेल. आपल्या पालक-बटाट्याच्या जवळची, फक्त फोडणी नाही. माँटेनेग्रोत काचामाक मागा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, त्यात चीज आणि साय. तिखटाची पुडी पर्समध्ये असू द्या.

धागाकर्ता

खूप आभार! अनेक प्रवेशच मागतो. कारने सीमा ओलांडताना काय बघायचं?

प्रतिसाद ४

कार माँटेनेग्रोत न्यायची परवानगी आणि तिथे चालणारा विमा, दोन्ही कार घेतानाच लेखी घ्या. नसेल तर सीमेवर अडचण येऊ शकते. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही हवा. माँटेनेग्रोत दिवसाही हेडलाइट लावणं सक्तीचं आहे.

दुब्रोव्हनिकचा विमानतळ चिलिपीला, शहराच्या नव्हे, सीमेच्या बाजूला आहे. म्हणून उतरल्यावर थेट कोटोरकडे निघा, दुब्रोव्हनिक शेवटी ठेवा आणि परत येताना कार विमानतळावरच देऊन टाका. शहरात तिचा उपयोग नाही, पार्किंगचा खर्च मात्र होतो. दोन्ही वेळा सकाळी लवकर सीमा गाठा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे, रांग वाढते.

पेरास्तला राहणार असाल तर वाटेत ‘कामेनारी–लेपेताने’ ही गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट पकडू नका, ती तिवातच्या बाजूला उतरवते. रिसानवरून काठाकाठाने जा.