एल-वाय लावलं की झालं?

कुणीतरी लिहिलंय, 'इंग्रजी शब्दाच्या शेवटी एल-वाय (-ly) दिसलं की क्रियाविशेषण, संपला विषय.' तिथेच तर घोटाळा होतो. फ्रेंडली, लव्हली ही विशेषणं आहेत. उलट फास्ट, हार्ड यांना काही न लावता ती क्रियाविशेषणं होतात.

आमच्या पंचवटीतल्या भाच्याने सातपूरच्या एका कारखान्यात अर्ज केला. त्यात ठसक्यात लिहिलं होतं, 'आय वर्क्ड हार्डली फॉर टू इयर्स.' म्हणजे दोन वर्षं जेमतेमच काम केलं! पोराने खरं तर घाम गाळला होता. अर्ज पाठवण्याआधी वाचला म्हणून वाचलो.

'ही सिंग्ज गुड' ही चूक मात्र मला आपल्या मराठीतूनच आलेली वाटते. आपण 'तो चांगला गातो, ती चांगली गाते' म्हणतो. शब्द गाण्याबद्दल असला तरी लिंग गाणाऱ्याचं घेतो, त्यामुळे विशेषण आणि क्रियाविशेषण वेगळं काढायची सवयच नसते. इंग्रजीला तिथे 'वेल'च लागतं. आणि तेही कर्मानंतर: 'शी स्पीक्स इंग्लिश वेल'. आपण 'चांगलं इंग्रजी बोलते' म्हणतो, म्हणून मुलं 'स्पीक्स वेल इंग्लिश' लिहून मोकळी होतात.

'ओन्ली' वाक्यात कुठे ठेवायचा, यासाठी मी आपला 'च' आठवतो. 'मी रविवारीच मिसळ खातो' आणि 'मी रविवारी मिसळच खातो' यांत फरक आहे ना? मराठीत ज्याला 'च' लागतो, लिहिताना 'ओन्ली' त्याच्याच आधी ठेवा: 'ओन्ली ऑन संडेज' किंवा 'ओन्ली मिसळ'. बोलताना इंग्रज स्वतःही तो क्रियापदाआधी ढकलून देतात, ते सोडा.