रक्षाविसर्जनाला दोन शब्द बोलायचेत, पोकळ वाटू नयेत म्हणून काय करावं?

द्राक्षपट्टा: आमच्या चुलत्यांचं, आबांचं, रक्षाविसर्जन परवा सकाळी आहे. गाव तासगाव तालुक्यात. घरच्यांतर्फे मी बोलायचं ठरलंय. आबा कुठल्या पदावर नव्हते, द्राक्षबागायतदार होते. ‘अपरिमित हानी’, ‘न भरून येणारी पोकळी’ हे तिथं प्रत्येक जण म्हणतो आणि कुणी ऐकत नाही. किती वेळ बोलावं, काय बोलावं?

कृष्णाकाठ: अडीच मिनिटं, त्याच्या वर नको. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे अडीचशे शब्द लिहा. ऊन चढत असतं, आणि तुमच्यानंतरही बोलणारे असतात.

‘कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ’ सगळं काढून टाका. ते कुणालाही लागू पडतं. आबा काय करायचे ते सांगा. ‘आबा बागायतदारांचे मार्गदर्शक होते’ याऐवजी ‘ऑक्टोबर छाटणीच्या आधी आबा दुसऱ्याच्या बागेत जाऊन काडी हातात धरायचे आणि कितव्या डोळ्यावर कात्री लावायची ते दाखवायचे.’ अर्थात, तसं ते करत असतील तरच. घड कितव्या डोळ्यात, म्हणजे काडीवरच्या कितव्या कोंबात, आहे हे चुकलं की वर्षाचं उत्पन्न जातं; या मदतीची किंमत तुमच्या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. अशा दोन गोष्टी पुरे, एक बागेतली, एक घरातली. काकींना आणि आबांच्या जवळच्या एखाद्या बागायतदाराला आजच विचारा. बाग कुठल्या साली लावली, क्षेत्र किती, हे त्यांच्याकडून पक्कं करून घ्या. साल चुकलं की मागं कुजबुज सुरू होते आणि पुढचं सगळं वाया जातं.

सुरुवातीला मान्यवरांची नावं घेत बसू नका. एक राहिलं की रुसवा, सगळी घेतली की मिनिट गेलं.

वाईकर: वरचं सगळं बरोबर. फक्त कागदाचं सांगतो. जाड कार्डावर, एकाच बाजूला, मोठ्या अक्षरांत लिहा. पातळ कागद नदीकाठच्या वाऱ्यात फडफडतो आणि माइकमध्ये तोच आवाज येतो. पहिलं वाक्य पाठ हवं. रडू आवरताना आपण श्वास रोखतो, गळा आणखी दाटतो. तसं झालं तर थांबा, श्वास पूर्ण सोडा, नजर कार्डावर ठेवा. लोक थांबतात, घाई करू नका. माइक तोंडापासून वीतभर, आणि स्पीकरच्या पुढं उभं राहू नका, शिट्टी वाजते.

द्राक्षपट्टा: शेवटी ‘आम्ही सगळे काकींच्या पाठीशी खंबीरपणे उभे आहोत’ म्हणू का?

कृष्णाकाठ: माइकवर नको. काकींना घरी सांगा, आणि काम सांगा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत व्हायला हवी. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्या. बँक, पीककर्ज देणारी गावची सोसायटी, तलाठी, सगळीकडे लागतात. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत द्यायचा. सोसायटीचं पीककर्ज असेल तर सचिवाकडून बाकी लिहून घ्या. तेव्हा ‘काकी, सोमवारी दहाला येतो, सातबारा आणि आठ-अचा खातेउतारा काढून ठेवा, तलाठ्याकडे जाऊन येऊ’ एवढं म्हणा. सोमवारी जमणार नसेल तर वार सांगू नका. आणि दाखल्यावर आबांचं नाव सातबाऱ्यावर आहे तसंच लिहिलंय ना, ते तिथंच बघून घ्या. फरक असला की फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं चढवणं, अडकतो.