चिकन तीनदा धुतलं, कुकरला शिजवलं, तरी कॅम्पिलोबॅक्टर कसा झाला?

धायरीची_आई:
मुलगा ९ वर्षांचा. रविवारी घरी चिकन केलं होतं, बुधवारी त्याला सडकून ताप भरला, पोटात इतकं मुरडत होतं की लोळत होता, आणि गुरुवारी जुलाबात रक्त दिसलं. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जंतू आला. डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिन दिलंय, आता ताप उतरलाय, ओआरएस घेतोय. पण हे झालं कसं तेच कळत नाहीये, कारण मी चिकन तीनदा नळाखाली धुतलं, हळद-मीठ लावलं, चार शिट्ट्या काढल्या आणि आम्ही बाकी तिघं ठणठणीत आहोत. सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी खाल्लं असणार, पण तो त्या आठवड्यात बाहेर काहीच खाल्लेला नाही. आणि २०२५ च्या जानेवारीत आमच्या पुण्यात सिंहगड रोडला जीबीएसने (गियान-बारे सिंड्रोम, ज्यात नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात) जे झालं तेव्हा हेच नाव ऐकलं होतं, त्यामुळे रात्री झोप लागत नाही, सारखे त्याचे पाय हलवून बघते.

लॅबवाली_कोथरूड:
ताई, आधी रस्सा सोडून द्या, ७० अंशाच्या वर हा जंतू टिकत नाही, चार शिट्ट्यांनंतर त्यात काही जिवंत राहिलं नसणार. मला हे सांगा, त्या दिवशी कच्चं काय होतं? काकडी, कोथिंबीर, लिंबू, काहीही. आणि चिकन धुतलंत तेव्हा ते कुठे होतं?

धायरीची_आई:
काकडी आणि टोमॅटो सिंकच्या बाजूला चाळणीत निथळत होते. कोशिंबीर शेवटी केलीच नाही, दही फार आंबट झालं होतं. पण याला येता जाता काकडीच्या फोडी उचलायची सवय आहे, दोन-तीन खाल्ल्या असतील. आई गं, आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

लॅबवाली_कोथरूड:
तेच असायची शक्यता खूप आहे. हा जंतू कोंबडीच्या आतड्यात आरामात राहतो, तिला काही त्रास होत नाही, तिच्या अंगाचं ४२ अंशाच्या आसपासचं तापमान त्याला मानवतं. कापताना तो मांसाला लागतो. नळाखाली धरलं की बारीक थेंब उडतात, ओट्यावर, भांड्यांवर, चाळणीतल्या काकडीवर, डोळ्याला दिसत नाहीत. धुण्याने जंतू मरत नाहीत, फक्त पसरतात. साल्मोनेला हा दुसरा जंतू जसा वाढतो तसा हा ओट्यावर पडून वाढत नाही हे खरं, पण काहीशे जंतू पोटात गेले तरी पुरे होतात, म्हणून दोन फोडींनी काम होतं. आणि लक्षणं साधारण २ ते ५ दिवसांनी येतात, म्हणजे रविवार ते बुधवार बरोबर बसतंय. सगळे हॉटेलला नाहीतर आदल्या दिवशीच्या वडापावला दोष देत बसतात आणि खरं कारण तीन दिवस मागे राहतं.
पॅकेटमधलं चिकन थेट पातेल्यात काढा. रक्त दिसलं तर टिश्यूने टिपा आणि टिश्यू फेकून द्या. कच्च्या चिकनची विळी, पाट, सुरी वेगळी नाहीतर साबणाने आणि कडकडीत पाण्याने घासून. ओट्याचं ते एकच ओलं फडकं सगळीकडे फिरतं ना, ते त्या दिवशी धुवायलाच टाका. फ्रीजमध्ये कच्चं चिकन खालच्या कप्प्यात झाकणाच्या डब्यात, थंडीने तो मरतो असं नाही.

किरकटवाडीचा:
ताई, जीबीएसबद्दल मी सांगतो, २०२५ ला माझे वडील त्यातून गेलेत. तेव्हा एनआयव्हीला (पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था) बऱ्याच पेशंटच्या नमुन्यात हाच जंतू सापडला होता. आम्हाला डॉक्टरांनी समजावलं ते असं, की जंतूच्या बाहेरच्या आवरणाचा काही भाग आपल्या नसांवरच्या पदार्थासारखा असतो, म्हणून जंतूशी लढायला शरीर जी अँटीबॉडी बनवतं ती चुकून नसांवरच हल्ला करते. पण हे दर हजार पेशंटमध्ये साधारण एकालाच होतं. त्यामुळे घाबरून जाऊ नका, फक्त पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. बाबांना आधी पायाला मुंग्या आल्या, मग जिना चढता येईना, दोन दिवसांत हातातला कप सुटायला लागला. आम्ही थकवा म्हणून एक दिवस घालवला, ते अजून मनाला लागतं. पायात ताकद कमी वाटली, गिळताना अडकलं किंवा श्वास घेताना त्रास झाला तर सरळ मोठं हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका. बाबा आता फिरायला जातात.

मावळातली_स्मिता:
दुधाचंही सांगते कारण हुरड्याच्या सीझनला शहरातली मुलं धारोष्ण दूध हौसेने पितात आणि मोठी माणसं पाजतातही. याच जंतूचं ते एक कारण आहे. आमच्याकडे गोठा आहे, तरी माझ्या मुलांना मी कधी बिन-तापवलेलं देत नाही. विहिरीचं नाहीतर टँकरचं पाणीही नीट उकळी फुटल्यावरच प्या.

धायरीची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार, किरकटवाडीचे दादा तुमचे विशेष. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या चिकन न धुता पातेल्यात टाकायचं हे काही मनाला पटत नाही, पण विळी वेगळी काढून ठेवलीय त्यांनीच. जुलाब काल दुपारपासून थांबलेत. शाळेत कधी पाठवू?

लॅबवाली_कोथरूड:
शेवटच्या जुलाबानंतर पूर्ण ४८ तास जाऊ देत. शौचातून जंतू काही आठवडे बाहेर पडत राहू शकतात, म्हणून संडासवरून आल्यावर आणि डबा उघडायच्या आधी साबणाने हात धुतोय का ते बघा, सॅनिटायझरवर विसंबू नका.